युक्रेनवरून धरलेला अबोला

बोरवाडी, ता. नेवासा
शुक्रवार, ७ मार्च २०२५

प्रिय ज्ञानेश्वर यास,

सूर्यभानचा नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. तूही खुशाल असशील, कारण सकाळी तुझं खाकरणं आमच्या ओट्यावर ऐकू येतं. मधे दोनच घरं असली म्हणून पत्र लिहू नये असा काही नियम नाही. तुझ्याशी बोलणार नाही असं मी मारुतीसमोर म्हणालो होतो. लिहिण्याचं काही म्हणालो नव्हतो.

आमची गाय व्याली, कालवड झाली. ऊस अजून उभाच आहे, तोडणीवाले आज येतो, उद्या येतो करतात. डेअरीत तू सहाला येतोस म्हणून मी सातला जातो. त्यानंतरचा चहा एकट्याने घ्यावा लागतो. चाळीस वर्षं एका कपातला अर्धा प्यायची सवय, आता अख्खा कप संपत नाही.

आता युद्धाचं. माझं मत बदललेलं नाही. रशियाने दुसऱ्याच्या वावरात पाय घातला, तर युक्रेनने शेवटपर्यंत लढून एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. अर्धवट सोडलं तर पाच वर्षांनी तेच पुन्हा. तू म्हणतोस, जमीन गेली तर जाऊ द्या, पोरं घरी येऊ द्या. हे कोण म्हणतंय? सख्ख्या चुलत्याने वीतभर बांध कोरला म्हणून ज्याने त्याला अकरा वर्षं तहसीलच्या पायऱ्या चढायला लावल्या तो. तू युक्रेनला चार जिल्हे सोडायला सांगतोस, मला हसू येतं.

गावाला वाटतं आपलं यावरूनच बिनसलं. मीही तसंच सांगतो. ऐकणारे मान डोलावतात आणि मी वळलो की हसतात.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. सप्ताहाच्या पंगतींची यादी करायला आपण देवळात बसलो होतो. सहादेव माईकवाला म्हणाला, "बंद हाय माईक, बोला तुमी बिनघोर." मी म्हणालो, युक्रेनच्या पोरांनी मागे हटू नये. आणि तू म्हणालास, "सूर्यभान, तू दोनदा दवाखान्यातून पळाला. एकदा च्या पिऊन येतो म्हनून, अन् दुसऱ्यांदा दवाखान्याचा झगा अंगात घालून कांद्याच्या टेम्पोत. अन् दुसऱ्याच्या पोरांला म्हनतो, लढा."

माईक चालू होता. कर्णा चारही दिशांना आहे. मळ्यात बायका खुरपं टाकून हसल्या, हे मला आमच्या राहीबाईने घरी येऊन सांगितलं, आणि सांगताना तीही हसली. डेअरीत सही करताना अजूनही कोणीतरी विचारतं, "काका, टेम्पो कितीला भेटल?"

तुला मी हे जिवाभावाचा म्हणून सांगितलं होतं. माईक चालू आहे हे तुला माहीत नव्हतं, हेही मला माहीत आहे. तरी राग गेला नाही, कारण तू बोललास ते खरं होतं.

दुखणं कुठलं ते लिहीत नाही, पत्र तुझी सून वाचेल. जांघेतली ती गाठ आता खोकलो तरी बाहेर येते. मागच्या आठवड्यात राहीबाई मला पुन्हा नगरला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, एकदाच काय ते करून टाका. अर्धवट सोडलं तर परत डोकं वर काढणार." ज्ञाना, हे माझंच वाक्य होतं. शब्दाला शब्द. राहीबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी बराच विचार केला. सोक्षमोक्ष लावा म्हणणं सोपं असतं, पोट दुसऱ्याचं असलं की. युक्रेनने काय करावं ते आता मला नीटसं सांगता येत नाही. ज्याचं पोर तिकडे उभं आहे त्याने सांगावं. पण हे तू डेअरीत बोलू नकोस.

सोमवारी ऑपरेशन आहे. मला भीती वाटते. आमच्या तात्यांना त्याच दवाखान्यात ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाहेर त्याच बाकापाशी आपण दोघंच होतो. मी वेड्यासारखा येरझाऱ्या घालत होतो आणि तू माझ्या चपला चोरीला जाऊ नयेत म्हणून मांडीवर घेऊन बसला होतास. तात्या परत आले नाहीत. चपला मात्र तू जपल्यास. दोन्ही वेळा मी त्या बाकाकडे पाहिलं आणि पळालो. शेजारी तू नव्हतास, एवढंच कारण. मीच तुला यायला सांगितलं नव्हतं.

पत्र पोस्टात टाकलं तर आधी नेवाशाला जाईल, मग फिरून बोरवाडीत येईल, तोवर सोमवार उलटायचा. म्हणून राहीबाईच्या हाती देतोय. तिने वाचलं आहे. "येवढं लिवायला तीन महिने लागले व्हय?" म्हणाली.

सोमवारी सकाळी साडेसहाची एसटी आहे. बोलायचं नसलं तर बोलू नकोस, मीही शपथेला बांधलेला आहे. फक्त बाकावर बस. आणि मी चहाला जाऊन येतो म्हणालो, तर माझ्या चपला देऊ नकोस.

तुझाच,
सोमवार सकाळपर्यंत तरी न पळालेला,
सूर्यभान