पाचवीची एक रात्र

मंगळवार. नळाला पाणी येऊन आठ दिवस झाले.

बाळ वाचणार नाही, व्हेंटिलेटर काढावा, असं आमच्या रुग्णालयाच्या नैतिकता समितीनं काल ठरवलं. बापानं सही केली. कन्नड तालुक्यातून आलेली आई मात्र अडून बसली, "आज पाचवी हाय, डॉक्टर. सटवाईला नशीब लिवू द्या, मग करते सही." बाळाजवळ कोऱ्या कागदावर ठेवायला तिनं माझंच पेन मागितलं.

नियमात सटवाई कुठं बसते? अध्यक्ष चिडले. एक रात्र थांबायचंच, यावरून मी हटले नाही, आणि चुकलेही नाही. भीती एकच होती, कोरा कागद बघून तिला आशा वाटली तर?

सकाळी तिनंच पेन उचललं. "कागद कोराच ऱ्हातो. तिचं लिवणं कपाळावर असतं. द्या आता तुमचा कागद."

सही करून तिनं पेन मला परत दिलं. उद्या त्याच पेनानं समितीला लिहिणार आहे: नियमात एक रात्र घाला.