सरस्वतीच्या आरामाचा बंदोबस्त

३ जानेवारी १९२४, गुरुवार

आजपासून रोजनिशी. केजच्या तहसिलीत दिवसभर फसली सन लिहितो, घरी भटजी शके सांगतात. इथे मात्र इंग्रजी तारीख. माणसाने एका तरी ठिकाणी सुधारलेलं असावं.

कारण गंभीर आहे. सरस्वती वाळत चालली आहे. गेल्या पावसाळ्यात आमचं तान्हं गेलं, तेव्हापासून ती हसलेली नाही. पूर्वी पदर तोंडात कोंबून हसायची, ते मला बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. तिला कधी सांगितलं नाही, पण दफ्तरातून घरी यायची घाई मला त्या हसण्यासाठीच असायची.

पुण्याहून येणाऱ्या मासिकात लेख वाचला. कामाच्या रगाड्यातल्या गृहिणींसाठी आरोग्याच्या सोप्या सवयी. पहाटे कोमट पाणी, मोकळ्या हवेत फिरणं, सावकाश जेवण, दुपारी घटकाभर आडवं होणं, डोक्याला तेल, प्रसन्न विचार. बस्स. हा सगळा प्रोग्रॅम मी तिच्याकडून करून घेणार. उन्हाळ्याच्या आत बायको हसली पाहिजे.

४ जानेवारी, शुक्रवार

निजामी अंमल, त्यामुळे शुक्रवारची तहसिलीला सुट्टी. सवयी ठळक अक्षरांत लिहून चुलीजवळच्या भिंतीवर चिकटवल्या. मग आठवलं, तिला वाचता येत नाही. हरकत नाही, रोज पहाटे मी वाचून दाखवीन.

५ जानेवारी

वाचून दाखवल्या. जात्याच्या घरघरीत काही ऐकू जाईना, म्हणून जातं थांबवायला लावलं. त्याने दळण मागे पडलं, भाकरी उशिरा झाल्या, मला दफ्तराला उशीर. पेशकारसाहेबांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या घरी रिफॉर्म नाही, त्यांना काय कळणार.

८ जानेवारी

कोमट पाणी सुरू. त्यासाठी ती आता आणखी लवकर उठून चूल पेटवते. मीही तांब्याभर घेतो, तिला एकटं वाटू नये म्हणून. मला फार मानवलं. तिने घेतलं का, हे विचारायचं राहिलं.

११ जानेवारी

फिरणं. नुसतं फिरायला सवड नाही म्हणाली. मी तोड काढली. शेजारच्या आडाचं पाणी बंद, नदीकडच्या विहिरीचं आणायचं. जाता-येता मोकळी हवा, आणि डोक्यावर घागर असली की पाठ ताठ राहते. "तुमी म्हणता तर जाते," म्हणाली. उत्साह चांगला आहे.

१३ जानेवारी

सावकाश जेवण. आम्हा सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपाशी बसते हे माहीत होतं. काय खाते ते कधी पाहिलं नव्हतं. आज मुद्दाम समोर पाट मांडून बसलो आणि "चाव, चाव" म्हणत राहिलो. तिने पदर पुढे ओढला, दोन घास गिळले आणि उठली. भाकरी तशीच राहिली. नवऱ्यासमोर जेवायची लाज वाटते, दुसरं काय. उद्याही बसणार.

१८ जानेवारी, शुक्रवार

तिळाचं तेल आणलं. म्हणाली, आधी तुमच्या डोक्याला लावते. तिचा हात फिरू लागला आणि मला झोपच लागली. जागा झालो तेव्हा ती धुणं घेऊन नदीवर गेली होती. तेल अव्वल आहे.

२५ जानेवारी, शुक्रवार

आज आमच्या बाहेरच्या खोलीत माझं लेक्चर झालं. विषय, स्त्रियांची विश्रांती. दफ्तरातली सगळी मंडळी आली. सरस्वतीने शंकरपाळे आणि चहा केला. दुसऱ्यांदा चहा, मग आणखी थोडे शंकरपाळे. लेक्चर रंगल्यामुळे तिचं दुपारचं आडवं होणं हुकलं. शेवटी दफ्तरात माझ्या शेजारी बसणारा अहलकार, म्हणजे कारकून, इसाकमियाँ म्हणाला, "त्रिंबकराव, सब सही है जी, पर भाभी आराम कब करते?" सगळे हसले. मी तेच तर तासभर सांगत होतो. काही माणसांचं लक्षच नसतं.

२९ जानेवारी

मुलं ओरडत आली, आईला कावळा शिवला. म्हणजे आता चार दिवस ती मागच्या पडवीत घोंगडीवर वेगळी बसणार. कशाला शिवायचं नाही, आणि चूल माझ्याकडे. घरात दुसरं बाईमाणूस नाही.

पिठल्यात गुठळ्या. भाकरी एका बाजूने कोळसा. ती पडवीतून सांगत होती, आच कमी करा, पाणी घाला. डोळ्यांत धूर जाऊन पाणी आलं. धाकटा सिदू जेवेना. थोरली कडूबाई सात वर्षांची आहे, पण जिभेने सत्तरीची. म्हणते, बाबा, कावळा पुन्हा कधी येनार?

३१ जानेवारी

अजून पिठलंच. दफ्तरातून येताना पडवीत डोकावलो. सरस्वती भिंतीला टेकून नुसती बसली होती. शेजारची साखराबाई लांब ओट्यावर बसून तिच्याशी बोलत होती. काम नाही, हालचाल नाही. इकडे मी चुलीपुढे. मासिकात स्पष्ट म्हटलंय की आळसाने रक्ताचं सर्क्युलेशन मंदावतं. आणि आपल्या घरात दर महिन्याला चार चार दिवस हा सक्तीचा आळस!

मला एकदम दिसलं. बायकांच्या अशक्तपणाचं मूळ हेच. ही शिवाशिव बंद झाली पाहिजे. स्वयंपाकाचा मला कंटाळा आला म्हणून हे सुचलं नाही, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

२ फेब्रुवारी

सरस्वतीला हुकूम सांगितला. पुढच्या खेपेपासून वेगळं बसायचं नाही. तू काही अस्पृश्य नाहीस, तू माझ्या बरोबरीची आहेस.  ती रडली. आनंदाश्रू असावेत. मग हळूच म्हणाली, "राहू द्या की. रीत कावून मोडता?" गुलामीची सवय अशी हाडात भिनते. मी ठाम राहिलो.

२६ फेब्रुवारी

ऐतिहासिक दिवस! कावळा शिवला आणि माझ्या घरात चूल पेटली ती तिच्याच हाताने. दळण, पाणी, धुणं, सगळं रोजच्यासारखं. केज तालुक्यात असं घर दुसरं नसेल. वांग्याची भाजी फार सुरेख झाली होती. तिच्या कपाळावर घाम होता. हालचालीचा रिझल्ट.

४ मार्च

साखराबाईला कळलं. तिने येणं सोडलं. आता आमच्या दारावरून जाताना लुगडं आवरून घेते. हळदीकुंकवाचं बोलावणं कुठूनच येत नाही. सरस्वतीला म्हटलं, अज्ञानी बायका, सोडून दे. ती म्हणाली, "बोलायला तेवढीच व्हती." मी म्हटलं, मी आहे की. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पीठ मळायला बसली.

मी खरंच बोलत बसणार होतो, पण मासिकाचा नवा अंक आला होता.

२५ मार्च

दुसरा महिना. या वेळी तिला फार जातंय असं वाटतं. भिंत धरून चालते. चेहरा पिठासारखा. आज दुपारी तिने आपणहून घोंगडी काढली, पडवीत अंथरली आणि मला म्हणाली, "यवढ्या येळेस बसू द्या." पण मी बाहेर सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं. उद्या नेकनूरचे मास्तर मुद्दाम हे सुधारलेलं घर पाहायला यायचे होते. म्हटलं, उद्याचा दिवस काढ. परवा बस. तिने घोंगडीची घडी घातली. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मी ऐकलं असतं, असं वाटतं.

२६ मार्च

मास्तर येऊन गेले. पुरण चांगलं झालं होतं.

संध्याकाळी ती नदीकडच्या विहिरीवर पडली. बायकांनी उचलून आणली. घागर फुटली, ती शुद्धीवर नव्हती. साखराबाई सगळ्यांच्या पुढे होती. लुगडं आवरून न घेता तिने सरस्वतीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "मास्तर, मास्तर करत बसा आता."   मी तिच्या पायांना तेल चोळत राहिलो. पाय बर्फासारखे होते.

३१ मार्च

हकीमसाहेब म्हणाले, अंगात रक्त उरलेलं नाही. धर्मापुरीहून तिचा भाऊ मुंजाजी गाडी घेऊन आला आणि दोन्ही मुलांसकट तिला घेऊन गेला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रागावलेला नसावा, प्रवासाने दमला असेल. हवापालट हाही आरोग्याचाच नियम आहे. मासिकात आहे. गाडी वळेपर्यंत उभा होतो. तिने मागे पाहिलं नाही, मानेत ताकद नसेल.

५ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली नाही. साखराबाईने दारातूनच पोळी दिली. खाताना घास उतरेना. घरात इतकी शांतता आहे की रांजणातून पाणी पाझरलेलं ऐकू येतं. मी फार एकटा आहे. हे लिहायला लाज वाटते, पण इथे कोण वाचतंय.

१० एप्रिल

पाणी मीच आणतो. नदीकडच्या विहिरीवरून एकदाच आणलं. आता शेजारच्या आडावर जातो. ती तिकडून रोज किती घागरी आणत होती ते मोजलं नव्हतं, आज मोजावंसं वाटलं नाही.

२० एप्रिल, धर्मापुरी

दफ्तरातून रजेची रुखसत घेऊन आलो. दारात पोचलो आणि आतून हसणं ऐकू आलं. तिचंच. पदर तोंडात कोंबलेलं. मी उंबऱ्यावर थांबलो. डोळे भरून आले. प्रोग्रॅम यशस्वी! उन्हाळ्याच्या आत, म्हटल्याप्रमाणे.

आत गेलो आणि हसणं थांबलं.

सासूबाई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. उठून आत गेल्या. मी सरस्वतीला विचारलं, कसं वाटतं. बरं हाय म्हणाली. मी म्हटलं, आता घरी चल, या वेळी तुझ्या आरामाचा पक्का बंदोबस्त करतो.  ती अजिबात न रागावता म्हणाली, "तिथं मला बस म्हननारं कुनी नव्हतं. कावळा तेवढा म्हनायचा. त्यालाबी तुमी हाकलून दिलं."

सर्क्युलेशनचं सांगणार होतो. ते राहिलं. ती वर्षानुवर्षं उभी आणि मी तिला उभं राहण्याचे फायदे समजावत होतो, असं काहीतरी वाटलं. लिहायला जमत नाही.

निघताना विचारलं, मग कधी नेऊ? म्हणाली, "आखितीनंतर बघू." बघू म्हणजे येते. नाही म्हणायचं असतं तर नाहीच म्हणाली असती.

२८ एप्रिल

भिंतीवरचा कागद काढला. नवा बंदोबस्त असा: पडवी सारवून घेतली, नवी घोंगडी आणली. पाण्याला गल्लीच्या कडेची म्हातारी दगडाबाई ठरवली. दर महिन्याचे चार दिवस, हवं तर पाच, चूल माझी. आमटी आता जमते. इसाकमियाँला सांगितलं तर तो या खेपेला हसला नाही. म्हणाला, "जाव, लेके आव. जल्दी जाव."

१० मे

आखिती, म्हणजे अक्षय्यतृतीया, झाली. उद्या निघतो. आश्रुबाची गाडी ठरवली आहे, छप्पर घातलेली. आत गादी अंथरली, तिला धक्के बसू नयेत. वाटेत मोमिनाबादला मुक्काम करू, तिला वाटेल तेव्हा उठू. मला झोप लागत नाहीये. लग्नाच्या आदल्या दिवशीही इतका आनंद नव्हता. ती येणार.

१३ मे, मोमिनाबाद, धर्मशाळा

काल दुपारी धर्मापुरीला पोचलो. कडूबाई दारात बसली होती. मला पाहून पळत आली नाही. तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई झोपली हाय. कुनी उठवायचं न्हाई."

आत डोकावलो. सरस्वती कुशीवर निजली होती, तोंड माझ्याकडे. दहा वर्षांच्या संसारात मी तिला झोपलेली पाहिलीच नव्हती. माझ्यानंतर निजायची, माझ्या आधी उठायची. गाल थोडे भरलेत. कपाळावरची आठी गेली आहे. ही इतकी लहान आहे, हे मला माहीत नव्हतं. हाक मारावी असं फार वाटलं. तुझ्यासाठी गाडीत गादी घातली आहे, मला आमटी येते, असं सगळं सांगायचं होतं. मारली नाही. गाढ झोपली होती.

बाहेर आलो. आश्रुबा बैलांना पाणी दाखवत होता. म्हणाला, "बाई न्हाई आल्या?" झोपल्यात म्हटलं. म्हणाला, "मंग थांबू की सांजपस्तोर. आपल्याला काय घाई हाय?" मी म्हटलं, नको, जुंप.

वर 'गाढ झोपली होती' असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. मी ओट्यावर जोडे घालत होतो. कडूबाई आत गेली आणि हळूच म्हणाली, "आई, ऊठ. गेले बाबा." आणि लगेच बांगड्या वाजल्या.