फादर लोबोंचं ताट

सोम. ४ फेब्रु. ५७
रेक्टर, कॉलेजातल्या सगळ्या फादरांचा वरिष्ठ, म्हणाला, फादर लोबोंचं ताट आजपासून सगळ्यांच्या मोठ्या टेबलावर नको. खिडकीजवळच्या छोट्या टेबलावर, एकट्याचं. किती दिवस? तर शब्द मागे घेईपर्यंत. शब्द वर्गातले: 'आई मरणार असेल तर तिचं पोट पाडणाऱ्याला मी पापी म्हणणार नाही.' पोरांनी कॉलेजभर केलं.
बस्त्याव कुक म्हणतो, "इनास, तू वाढपी. ताट खंय ठेवूचा तां बघ. कित्याक तां इचारू नको."
गावात वाळीत टाकतात तसंच. इथं फक्त काटा-चमचा देतात.

गुरु. ७
जेवताना इथं कोणी बोलायचं नाही, एकजण पुस्तक वाचतो. त्यामुळे फा. लोबोंचा चमचा वाजला की सगळ्यांना ऐकू येतो. आज भात दोनदा घेतला. बरं वाटलं.

रवि. १०
माझगावला बायकडे. थोरली बहीण, वेंगुर्ल्याहून मला तिनंच आणलं. चौथा महिना. पाय सुजलेत, जिना चढली की धाप. डॉक्टरीण म्हणते हृदय अधू आहे, मूल ठेवलंस तर तू राहणार नाहीस. चर्चचे फादर म्हणतात, पाडलंस तर महापाप. पोरं जिन्यात खेळत होती. तिन्ही लहान.
मी फा. लोबोंचे शब्द सांगितले, ताट हलवल्याचंही. शब्द मागे घ्यायचं तेवढं नाही सांगितलं. बाय उठून बसली. "त्येंका परत मोठ्या टेबलार बसवल्यानी, तर तां पाप न्हय. मग मी हॉस्पिटलात जातंय. नायतर नाय."
भावोजी म्हणाले, "गो, जीव काय ताटावर ठेवतंस?"
"मग कोणावर ठेवू? तुम्ही तर तोंडच उघडत नाय."

बुध. १३
संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. कॉलेजची पोरं गेली. मीही फाटकापर्यंत, बस्त्यावनं कॉलर धरून परत आणलं. घोषणा चुलीपर्यंत येत होत्या. बस्त्याव: "रेक्टराक मुंबई कोणाची तां ठावक नाय, सर्ग कोणाचो तां बरोबर ठावक!" हसलो.
बोटीवर चढून कुठं तरी निघून जावं. पण मग ताट कोण मांडणार?

शुक्र. १५
पाणी ओतताना हळूच म्हटलं, फादर, घ्या ना शब्द मागे. "तुला रे का घाई?" बायचं सगळं सांगितलं. तिची ताटाची अटही. त्यांनी चमचा खाली ठेवला.

शनि. १६
सकाळी फा. लोबो रेक्टरच्या खोलीत गेले. बाहेर आले ते सरळ चॅपलमध्ये. दुपारी रेक्टर म्हणाला, ताट मोठ्या टेबलावर मांड. मांडलं. सगळ्यांनी सरकून जागा दिली, कोणी तरी मीठ पुढं केलं. म्हणजे घेतले मागे. भाताला हात लावला नाही त्यांनी.
ताट उचलताना विचारलं, "बायला काय सांगू?"
"ताट कुठं होतं ते सांग." एवढंच.

रवि. १७
हॉस्पिटलच्या बाकावर.
सकाळी दारातच बाय म्हणाली, "ताट?"
"मोठ्या टेबलावर."
"कोणी मांडूक सांगितल्यान?"
"रेक्टरनं."
"मग झाला." पोरं शेजारणीकडे दिली, साडी बदलली. भावोजी माझ्याकडे बघत राहिले. फादरनी शब्द मागे घेतले हे त्यांना कळलं असावं. टॅक्सी आणायला गेले.
इथं आत नेताना तिनं माझी बाही धरली. "इनास, फादर आता पोटभर जेवतत मां?"
तेवढ्यात नर्सनं नेलं.
बाहेर आली की खरं काय ते सांगीन.