शेवग्यावरचे सुरवंट आणि नळदुर्गचे पाहुणे

बेंबळी, ता. ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्र प्रेमानंद यास,
स. जय भीम वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय, आणि माझं ओरडणं ऐकून शेजारी धावत येतात, म्हणून पत्र. रविवारी तुम्ही तिघं आमच्या भाग्यश्रीला बघायला येताय, घरात सगळे खुशीत हायत. बोर्डिंगात एका ताटात जेवणारे आपण, आता व्याही होणार!

रिटायर झाल्यापासून म्या वॉटरकलर शिकतोय. दारातल्या शेवग्यावर केसाळ सुरवंट लागलेत, तेच काढतो. लई अवघड काम. कागद ओला असला की केस पसरतात आणि सुरवंटाचं लोणचं होतं. शेजारच्या दगडोबानं पहिलं चित्र बघून, बाटली धुवायचा ब्रश झकास जमलाय म्हणून शाबासकी दिली. आमची कारभारीण चांगुणा चिंधी पेटवून सगळे जाळायला निघाली होती. पाहुणे येऊन जाईपर्यंत कशीबशी थांबवली. तिची एकच अट, पाहुण्यांसमोर सुरवंटांचं नाव काढायचं न्हाय.

वहिनींना जय भीम. लोभात पाणी घालू नये.

तुझा,
तात्याराव


नळदुर्ग, ता. ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय तात्याराव,
स. जय भीम वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू सत्काराला गळ्यात घातलेल्या शालीनं एस.टी.त मला असं नाचवलं की कंडक्टरनं गाडी थांबवून, काय होतंय म्हणून विचारलं. मान भोपळ्यासारखी सुजलीय. घरी शाल झटकली तर घडीतनं एक सुरवंट निघाला, जिवंत, आणि माझ्यापेक्षा ताजातवाना.

हिनं तो बघितला आणि स्पष्ट सांगितलं, पाहुण्याच्या गळ्यात अळ्या घालणाऱ्या घरात सोयरीक नको. राजपालच्या मनात भाग्यश्री भरलीय, पण आईपुढं त्याचं तोंड उघडत नाही. नुसता ताटावर बसतो आणि उठतो. मी काय करू, तूच सांग.

सुरवंट बरणीत ठेवलाय. मारवत नाही. तो खातो काय?

अजून तरी तुझाच,
प्रेमानंद


बेंबळी, ता. १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रेमानंद,
स. जय भीम वि. वि.

शाल शेवग्याखाली उन्हात टाकली होती. म्या चित्रासाठी एखादा सुरवंट पडावा म्हणून वरची फांदी हलवली आणि शाल झटकायची विसरलो. चांगुणा माझ्याशी बोलत न्हाय. जेवण वाढलंय म्हणून मांजराला सांगते, मग म्या उठतो.

भाग्यश्री आधी पोट धरून हसली. तुझं पत्र वाचल्यापासून मात्र माझी चित्रं पालथी घालून ठेवते, त्यानं जीव तुटतो. रंगांची पेटी माळ्यावर टाकली. माझ्या नादापायी पोरीचं मोडायला नको. वहिनींना म्हणावं, रागवायचं तर माझ्यावर रागवा. पोरीनं त्या शालीला हातसुद्धा लावला नव्हता.

मानेवर चिकटपट्टी लावून ओढ, कुसं निघतील. मग खोबरेल लाव. सुरवंट शेवग्याचा पाला खातो.

लोभ ठेवायचा का, ते वहिनींना विचारून कळव.

तुझा,
तात्याराव


नळदुर्ग, ता. २७ नोव्हेंबर २०२५

प्रिय तात्याराव,
स. जय भीम वि. वि.

गावाबाहेरच्या एका ढाब्यामागच्या शेवग्याचा पाला रोज राजपाल आणायचा. पाहुण्याला खायला घालतोय, तर एक चित्र काढावं म्हणून मी रंग घेऊन बसलो. ही मागनं येऊन म्हणाली की डोक्याकडचे केस लांब आहेत, दिसत नाही का. आणि ब्रश हिसकावला. कोरड्या ब्रशनं केस ओढले की पसरत नाहीत, हे तिचं तिलाच सापडलं. तेव्हापासून ब्रश मला मिळाला नाही. स्वयंपाक राजपाल करतो.

परवा करपलेलं पिठलं वाढता वाढता तो आईला म्हणाला की आता आपलं घर बेंबळीच्या घराइतकंच येडं झालंय, मग तिथली सून आणायला काय हरकत आहे? ही इतकी हसली की चित्रावर रंगाचं पाणी सांडलं. सोयरीक पक्की.

सुरवंटानं कोष केलाय, तेव्हा आता शेजारच्या केसाळ शेळीवर पाळी आलीय. पहिलं चित्र छान आलं होतं, ते शेळीनं खाल्लं. दुसऱ्याच्या वेळी तिला धरून ठेवावं लागणार. रविवारी सगळे या, तारीख ठरवू. चांगुणावहिनींना आणि भाग्यश्रीला जय भीम.

शिंगाकडची बाजू मी धरतो. शेपटाकडची मुलीच्या बापाची.

तुझा व्याही,
प्रेमानंद