मिक्स्ड रिअ‍ॅलिटीतल्या महालक्ष्म्या

२ ऑगस्ट, शनिवार

रितिकाचा डब्लिनहून फोन. याही वर्षी महालक्ष्म्यांना येणं जमत नाही, रजा नाही. मी म्हटलं, अगं काही हरकत नाही, काम आधी. मला अजिबात वाईट वाटलं नाही. दुपारी वरणात मीठ दोनदा पडलं, पण त्याला फोडणीच्या वेळी आलेला गॅसवाला जबाबदार आहे.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, मम्मा, ऑफिसमधली एक मैत्रीण नागपूरला येतेय, तिच्याबरोबर हेडसेट पाठवते. डोळ्यांवर चढवलास की मी तुझ्या हॉलमध्ये उभी दिसेन. म्हणजे येणार नाही, पण असणार. मग रडायचं कशाला? मी रडलेही नाही. यांनी उगाच रुमाल पुढे केला.

३ ऑगस्ट, रविवार

धाकटी जाऊ कुसुम कळमेश्वरहून आली. पिशवीभर कारली आणली. चहा झाल्यावर म्हणाली, ताई, तुमच्यामागं कोण करन महालक्ष्म्यांचं? रितिका त येत नाही. मुखवटे आमच्याकडं द्या, माह्या पोरीले, करिष्माले, साडी नेसवता येते. गोड बोलली, म्हणूनच जास्त लागलं.

ते पितळी मुखवटे सासूबाईंनी माझ्या हाती दिले तेव्हा मला धड पुरण वाटता येत नव्हतं. कॉन्व्हेंटमधून आलेली मुलगी. ‘अवर फादर’ पाठ, आरती अर्धी. सगळ्या हसल्या होत्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, हात हलका आहे तिचा, निऱ्या सुरेख घालते. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली.

मी कुसुमला ठाम सांगितलं, रितिकाच करणार. पूजेच्या दिवशी ती सगळ्यांसमोर स्वतः सांगेल. नाही सांगितलं तर मुखवटे तुझे.

रितिकाला अजून विचारलेलं नाही. पण त्यात विचारायचं काय? मुलगी माझीच आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

अभ्यासाला सुरुवात. रितिकाने पाठवलेलं वाचलं. शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, आधी व्याख्या करा, मग वाद घाला. त्याप्रमाणे:

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी. सगळंच खोटं. आपलं घर पूर्ण झाकलं जातं आणि आपण भलतीकडे.

ऑगमेंटेड. घर खरं, त्यावर एखादी खोटी गोष्ट चिकटवलेली. तिला घराशी घेणंदेणं नाही. पाहुण्यासारखी.

मिक्स्ड. खोटी गोष्ट घर ओळखते. खुर्ची दिसली की खुर्चीवर बसते, कपाटामागे गेली की झाकली जाते. माहेरी आलेल्या लेकीसारखी.

म्हणजे रितिका तिसऱ्यातून येणार. तिला समोर उभं करून मी निऱ्या शिकवणार. सोपं आहे. यांना वाचून दाखवलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, नैवेद्य दाखवून आपण पडदा ओढतो आणि आत त्या जेवतात, ते यातलं कोणतं? मी म्हटलं, धर्म आणि टेक्नॉलॉजी एकत्र करू नका.

पण झोपेपर्यंत तेच डोक्यात.

९ ऑगस्ट, शनिवार

ऑगमेंटेड पूर्ण आत्मसात. फोनमधून हॉलमध्ये वाघ उभा केला. टीपॉयच्या आरपार उभा होता, पण उभा होता. कामाच्या कांताबाईला दाखवला. ती पारशिवनीकडची, जंगलाजवळची. म्हणाली, बाई, आमच्याकडं वाघ येते तवा कोणी फोन नाही काढत, पळते. आणि वाघ हाय म्हणून त्या बाजूचं झाडलं नाही.

वाघ बंद केला. तरी झाडलं नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

हेडसेट आला. वजनदार आहे, पण माझी मान शाळेपासून ताठ.

आधी व्हर्च्युअल पाहिलं. बर्फाचा डोंगर, मी कड्याच्या टोकावर, खाली नुसती दरी. मी पूर्ण शांत होते. यांच्या कानाला जे लागलं ते मी आधार शोधत असताना लागलं. कांताबाई दारातून विचारत होती, बाई, भिंतीले काहून धरून राहिल्या? मी तिला सांगितलं, मी आत्ता स्वित्झर्लंडमध्ये आहे. ती म्हणाली, मंग भांडे कोण काढन?

हे म्हणाले, प्रेमा, तुझ्या डोंगरावरचा वारा मले इथं ऐकू येऊन राहिला. यांना कानांचा जुना त्रास आहे. काहीही ऐकू येतं.

१७ ऑगस्ट, रविवार

हेडसेटला बटणं फार नाहीत. हवेत चिमटी करायची, की वस्तू उचलली जाते. चिमटी अगदी कुंकवासारखी. मला लगेच जमली. आज चिमटीने चुकून भाषा बदलली. आता ते माझ्याशी बहुधा कोरियनमध्ये बोलतंय. सूर प्रेमळ आहे.

संध्याकाळी शेजारच्या यमुताई आल्या. त्यांना फरक समजावला. शाळेत सिस्टर सांगायच्या, बाकावर थोडं सरकून बसा, शेजारी तुमचा गार्डियन एंजल बसतो. मी चौथीचं अख्खं वर्ष अर्ध्या बाकावर काढलं, मांडीला वळ उठायचे. मी यमुताईंना म्हटलं, हीच मिक्स्ड रिअ‍ॅलिटी! यमुताई म्हणाल्या, म्हणजे जागा आपणच सोडायची आणि बसणारा दिसायचा नाही, असंच ना?

तसं नव्हे. पण पुढची व्याख्या मला आठवली नाही. त्यांना चिवडा दिला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मारबतीची मिरवणूक, ईडापीडेचे पुतळे गावाबाहेर नेऊन जाळायची. हे बघायला गेले, मी नाही. ढोल मात्र ऐकू येत होते. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असं लोक ओरडतात, तेव्हा मीही घरातून हळूच म्हटलं, कुसुमच्या मनातलं घेऊन जा. मग वाईट वाटलं. तिची कारली चांगली होती.

रितिकाला आज विचारायचं ठरवलं होतं. पण तिने आधीच सांगितलं की खूप दमली आहे. मग मी हवापाण्याचं बोलले. डब्लिनला पाऊस आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रितिकाने स्वतःहून विचारलं, मम्मा, महालक्ष्म्या उभ्या केल्या की मला त्यांचं पूर्ण स्कॅन पाठवशील? फोन घेऊन सावकाश सगळीकडून फिरायचं. मागूनसुद्धा.

मागूनसुद्धा! ज्या मुलीला फुलोऱ्यातल्या करंजीपलीकडे कशात रस नव्हता, ती विचारतेय. बघा, विचारायची गरजच पडली नाही. यांना हे सांगितलं. हे काही बोलले नाहीत. आनंद झाला की ते गप्प होतात. दुःख झालं की सुद्धा.

३१ ऑगस्ट, रविवार

आवाहन. दारापासून हॉलच्या कोपऱ्यापर्यंत कुंकवाची पावलं काढली. लोखंडी स्टँडवर दोघींना उभं केलं. ज्येष्ठेला हिरवी, कनिष्ठेला जांभळी. निऱ्या अशा पडल्या की मलाच बघवेना. पाठीत कळ आली, पण ती आनंदाची.

कुसुम मुक्कामाला आली आहे. हेडसेट पाहून म्हणाली, ताई, हे सोवळ्यात चालते काय? न जाणो कोणाकोणाच्या डोक्यावर बसलं असन. मुद्दा बरोबर होता. मी गंगाजल शिंपडलं. थोडं जास्त झालं. डाव्या डोळ्यात आता कायमचं धुकं आहे. उजवा उत्तम.

स्कॅन केलं. सावकाश, सगळीकडून फिरले, मागूनसुद्धा. श्वास रोखून. झाल्यावर लक्षात आलं, मागच्या दाराला यांचा ओला टॉवेल लटकत होता. लग्न झाल्यापासून सांगतेय, टॉवेल दोरीवर. पुन्हा स्कॅन करायला निघाले तर पाठ वाकेना. रितिकाला तसंच पाठवलं. तिला काय, निऱ्यांशी मतलब.

१ सप्टेंबर, सोमवार

पूजा. सोळा भाज्या झाल्या, आंबील जमली, पुरण मऊ झालं. कुसुम, करिष्मा, यमुताई, हे, सगळे बसले. आधी हेडसेट कुसुमला घालायचं ठरलं होतं, म्हणजे तिने रितिकाचं स्वतःच ऐकलं असतं. पण तिच्या अंबाड्यावरून पट्टा जाईना. म्हणून मी घातला आणि म्हटलं, ती बोलेल ते मी सांगते.

आली. उजव्या डोळ्यात स्वच्छ, डाव्यात धुक्यातून. टिकली लावली होती. पाय जमिनीपासून थोडे वर होते, कुंकवाच्या पावलांना लागतच नव्हते. मला ते बोचलं नाही. चौकट ओलांडून ती आली तेव्हा मी चक्क सोफ्यावर थोडी सरकून बसले. जुनी सवय.

मग हळदकुंकू वाहायला उठले. चिमटीत कुंकू घेतलं, कनिष्ठेच्या कपाळाशी हात नेला, आणि माझ्या चिमटीबरोबर रितिकाच उचलली गेली. जाऊन नेमकी कनिष्ठेच्या जागी उभी राहिली. जांभळी साडी, माझ्या निऱ्या, आणि वर माझ्या मुलीचा चेहरा. मी कुंकू कुणाला लावलं ते मला सांगता येणार नाही. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही.

तेवढ्यात कुसुमने मोठ्याने विचारलं, कावं रितिका, तुह्या आईमागं हे सगळं तू करशीन ना वं?

रितिका तिथूनच, कनिष्ठेतूनच हसली. म्हणाली, मम्मा, तुझं स्कॅन इतकं सुरेख आलंय! मी काल माझ्या खोलीत दोघींना उभं केलं, कितीतरी वेळ बघत बसले. आता या माझ्याजवळ कायमच्या आल्या ना. खरे मुखवटे काकूला दे. तिथे त्यांना कुणी नेसवेल तरी. मला नाही गं जमणार मम्मा, मी तुला सांगणारच होते, तू बोलूच देत नाहीस.

सगळे माझ्याकडे बघत होते. तिचं बोलणं फक्त माझ्या कानात होतं. मी हेडसेट न काढता, शाळेतल्या एलोक्युशनसारख्या स्वच्छ आवाजात जाहीर केलं, रितिका म्हणतेय, हो, मीच करणार.

कानात ती म्हणाली, मम्मा? मी चिमटी केली आणि ती गेली.

यमुताई पानं मांडायला उठल्या. कुसुमने गजरा सारखा केला. करिष्मा खाली बघत होती. हे म्हणाले, प्रेमा, काढ ते आता, भाज्या थंड होऊन राहिल्या.

बहुधा सगळ्यांना भरून आलं असावं.

२ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दाढी करता करता हे आरशालाच म्हणाले, त्या हेडसेटचा आवाज बाहेर येते. पहिल्याच दिवशी सांगतलं होतं मी तुले.

मी विचारलं, किती?

म्हणाले, सगळा.

विसर्जन. अक्षता वाहिल्या, पुन्हा या म्हटलं. मुखवटे मीच उतरवले. सासूबाईंच्या मऊ लुगड्याच्या तुकड्यात दरवर्षी गुंडाळते, तसेच गुंडाळले. कुसुमजवळ पिशवी होती, पण तिने ती पुढे केली नाही. मला वाट बघायची नव्हती, म्हणून मीच तिच्या हातात दिले.

कालचा विषय तिने काढलाच नाही. चपला घालताना म्हणाली, ताई, नेसवायले दरवर्षी तुम्हीच या. आमच्या करिष्माचा हात जड हाय.

मी म्हटलं, बघू, त्या सुमारास मला बरीच कामं असतात.

३ सप्टेंबर, बुधवार

रितिकाचे फोन. घेतले नाहीत. फोन चार्जिंगला होता. वायर छोटी आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तिने फाइल पाठवली. खाली लिहिलंय, मम्मा, या तुझ्यासुद्धा आहेत. रागावू नको.

मी रागावलेच नव्हते. दुपारी हेडसेट घातला, कोपऱ्याकडे बघून चिमटी केली. उभ्या राहिल्या. अगदी तशाच, त्याच जागी. फुलोरा, गजरे, ज्येष्ठेच्या नथीतला तो किंचित वाकडा मोती. डाव्या डोळ्यातलं धुकंसुद्धा धुपासारखं वाटलं. कनिष्ठेची एक निरी जरा सुटली होती. त्या दिवशी कशी दिसली नाही मला? नीट करायला गेले, हात आरपार गेला. दोनतीनदा केलं. निरी तशीच.

आणि मागे, दाराला, ओला टॉवेल. देवीच्या डोक्यामागे.

मी ओरडले, अहो, तो टॉवेल आधी काढा! किती वेळा सांगायचं!

हे बाहेरच्या खोलीतून आले. मग हळूच म्हणाले, कोणता टॉवेल, प्रेमा?

मी हेडसेट काढला. दाराला टॉवेल नव्हता. कोपऱ्यातही काही नव्हतं. फरशीवर स्टँडचे गोल डाग होते, आणि दारापासून तिथपर्यंत कुंकवाची पावलं.