ते गोटे नदीचे नव्हते

बाबा, मागच्या पत्रात मी एक चुकीचं लिहिलं. वरच्या वावरातले गोल गोटे नदीने आणले, असं तुम्ही मला शिकवलंत, असं मी लिहिलं होतं. तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हता. शाळेत गेल्यावर नदीकाठच्या गोट्यांचा धडा आला आणि मी तो तुमच्या तोंडी घातला. तुम्ही आता दुरुस्त करणार नाही, म्हणून मीच करते.

खरं काय ते मला गेल्या रविवारी आठवलं. पांढरकवड्याला कामाने जाताना रस्त्यासाठी अर्धी कापलेली टेकडी दिसली आणि मी गाडी थांबवली. कापलेल्या भिंतीत तसेच गोल दगड, पण ओळीने, उभ्या-आडव्या भेगांच्या चौकटींत एकेक बसवल्यासारखे. नदीने आणले असते तर असे रांगेत लागले असते का? मी एकाला नख लावलं तर पापुद्राच हातात आला, पिवळट, चुरा होणारा. त्याखाली दुसरा, मग तिसरा, आणि आत काळा घट्ट दगड. आणि मी एकदम सहा वर्षांची आहे, माझी शाळा अजून आपल्या स्वयंपाकघरातच भरते, तुम्ही माझ्यापुढे वावरातला गोटा ठेवता आणि शेजारी कांदा. "सोल," म्हणता. मी कांदा सोलते. "आता हा." दगड कुठे सोलतात, मी म्हणते. तुम्ही सायकलच्या किल्लीने पापुद्रा उचकटता. "हा कुठून आला नाही, पोरी. इथंच होता. चौकोनी खडक होता, भेगांतून पाणी शिरलं. कोपऱ्यांना दोन्हीकडून लागलं, म्हणून कोपरे आधी गेले." मी तो चुरा जिभेला लावते, तुम्ही रागावता, आणि आई तव्यापाशी बसल्या बसल्या म्हणते, "मास्तर, पोरीले पोळी तं खाऊ द्या आता. गोटे काय खाऊ घालता."

मी रस्त्याच्या कडेला एकटीच हसत होते, ट्रकवाले वळून बघत होते. सगळी टेकडी समोर उलगडली होती, खडकाचा गोटा, गोट्याचा मुरूम, मुरमाची माती, आणि हे सगळं मला सहाव्या वर्षीच माहीत होतं!

मग विहीर आठवली. काका नवी विहीर वरच्या वावरात, त्या गोट्यांच्याच जागी खोदणार आहेत, आणि तेही माझ्या शब्दावर. जुनी आटली. दिवाळीत त्यांनी विचारलं होतं, "तू एवढी शिकली, सांग ना, इथं पानी लागन का?" मी ऐटीत म्हटलं, इथे जुनी नदी असणार, काका. घरात सगळ्यांनी ते धरून ठेवलं. पण त्या टेकडीत स्पष्ट दिसत होतं: माथ्यावर मुरूम कंबरेइतकाच, खाली सलग काळा खडक, पायथ्याशी मात्र मुरूम दोन पुरुष खोल, आणि त्या भुसभुशीत थरातून भर उन्हाळ्यात ओल झिरपत होती. आपलं खालचं, नाल्याकडचं वावर पायथ्यालाच आहे. तिथे पाणी लागेलच असं मी लिहिणार नाही, एक चूक पुरे. पण वर खोदलं तर काका खडकावर अडकतील, आणि दुसऱ्यांदा खोदणं त्यांच्याच्यानं होणार नाही.

संध्याकाळी फोन केला. "काका, ती नदी..." एवढंच म्हटलं.

"नदी काय पळून गेली काय वं? अक्षय्यतृतीयेले नारळ फोडून राह्यलो. ये, पेढा खाजो."

मी हो म्हटलं, तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

हेही पत्र वहीतच राहील. खरं सांगते, मला पाणी न लागण्यापेक्षा "माझं चुकलं" हे काकांसमोर म्हणायची जास्त भीती वाटते, आणि आधी तुमच्यापाशी म्हणून बघितलं कारण तुम्ही काही विचारणार नव्हता. नारळ येत्या रविवारी फुटायचा आहे. शनिवारी सकाळी मी काकांना गाडीवर मागे बसवून त्या टेकडीपाशी नेणार आहे.