न्यूरो शेवटी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६
(उठलो पावणेनऊला. पण ठरलं सहाचं होतं, म्हणून सहाच लिहितोय.)

आजपासून लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास. खराखुरा. परीक्षा ८ जूनला. मागचे दोन अटेम्प्ट सराव म्हणून धरायचे. पहिल्याला शेजारच्यांनी बाथरूम फोडायला काढलं होतं, दिवसभर ठोक ठोक. दुसऱ्याला मला ताप. दोन्हीत माझ्या डोक्याचा दोष शून्य. डॉक्टरकीची डिग्री आहेच. लायसन्स म्हणजे नुसता शिक्का.

टाइमटेबल बाबांनी लिहून दिलं. बाबा जन्मभर ड्राफ्ट्समन. पुलांचे नकाशे काढले, अक्षर मोत्यासारखं. दर वेळी माझं टाइमटेबल तेच लिहितात आणि ते टेबलासमोर लागतं. या वेळी मात्र मुंग्या सोडल्यात कागदावर. सुरुवातीला ‘अॅनाटॉमी’ तरी वाचता येतं, ओळीच्या शेवटी ‘न्यूरोलॉजी’पर्यंत नुसते ठिपके. म्हटलं, बाबा, जरा मोठं लिहा की. म्हणाले, मोठंच लिहिलंय. वाद घातला नाही. पहिल्या दिवशी मूड जपलेला बरा.

न्यूरो शेवटी ठेवलंय. हातचा मळ.

५ मार्च, बुधवार
रंगांची सिस्टिम पक्की केली. व्याख्या पिवळी, लक्षणं गुलाबी, औषधं हिरवी, परीक्षेत हमखास येणारं निळं. तीन पानं झाली. सगळीच निळी झाली. विषयच तसा महत्त्वाचा.

मधे अर्धा तास निळा हायलायटर सापडेना. घर डोक्यावर घेतलं. कानावरच होता. आई म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. आईला म्हणींशिवाय बोलता येत नाही.

११ मार्च, मंगळवार
हार्ट सुरू. वाचता वाचता छातीत धडधड. नाडी मोजली: एकशे आठ. पुन्हा मोजली: एकशे सोळा. पुस्तकातली लक्षणं एकेक जुळत गेली. आईला हाक मारली. आई म्हणाली, सकाळपासून पाचवी कॉफी आहे ही. सामान्य माणसाला क्लिनिकल विचार जमत नाही, काय बोलणार.

१३ मार्च, गुरुवार
धडधड चालूच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. बाबा सोबत आले. मी नको म्हणत होतो.

अनुभव वाईट. डॉक्टरांनी माझा ईसीजी काढला, एक नजर टाकली, कॉफी कमी कर म्हणाले. संपलं. नंतर माझ्याकडे बघायचं सोडून बाबांकडेच बघत बसले. बाबांना म्हणाले, दारापर्यंत चालून दाखवा. परत या. अजून एकदा. पेशंट कोण? मी! मग मला म्हणाले, तू जरा बाहेर बस. बाहेर ताटकळलो. बाबा बाहेर आले. मी विचारलं, काय म्हणाले माझ्याबद्दल? म्हणाले, काही नाही, तू अभ्यास कर.

म्हणजे काहीतरी आहे. माझ्यापासून लपवतायत. हार्ट परत वाचायला हवं.

२० मार्च, गुरुवार
हार्ट बंद. फार मनाला लावून घेतलं जातं. पोट सुरू.

बाबांचं वागणं बिनसलंय. माझ्याशी अबोलाच म्हणा. बोललेच तर तोंडातल्या तोंडात, तीनदा ‘काय?’ विचारावं लागतं. मागच्या वर्षीपर्यंत ओरडले तर जिन्यापर्यंत ऐकू जायचं. आणि चेहरा? दगड. मी जेवणात एक विनोद केला, अपेंडिक्सवरचा, चांगला होता. आईला ठसका लागला. बाबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दोनदा नापास झाल्याचा राग अजून गेलेला दिसत नाही. माणसानं किती दिवस रुसावं?

२५ मार्च, मंगळवार
आज हद्द झाली. मी टेबलाशी बसलोय, समोर खुर्चीत बाबा. हात मांडीवर. आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर चोळतायत. सारखा. पैसे मोजल्यासारखा. पैसे! म्हणजे परीक्षेच्या फीचा टोमणा. तोंडानं बोलायची सोय नाही, तर हातानं. मी म्हटलं, कळलं बाबा, कळलं, पास झालो की सगळं फेडतो. बाबांनी हाताकडे बघितलं, आणि दुसऱ्या हातानं तो झाकून घेतला. वरमले असावेत.

जरा जास्तच बोललो का? पण बोलणं भाग होतं.

२ एप्रिल, बुधवार
टॉपरचा फोन. (आमच्या बॅचचा. कायम शेवटून पहिला यायचा म्हणून टॉपर. मागच्या वेळी तो पास झाला, माझा विश्वास अजून बसत नाही.) म्हणाला, न्यूरो आधी कर, दर वेळी चार-पाच प्रश्न असतातच. मी म्हटलं, न्यूरो माझं झाल्यात जमा आहे. म्हणाला, झाल्यात जमा म्हणजे झालंय का? लायसन्स मिळाल्यापासून फार शहाणा झालाय.

८ एप्रिल, मंगळवार
दर मंगळवारी आई-बाबा मावशीकडे जायला लागलेत. आई म्हणते, मावशीला एकटं वाटतं. इतकी वर्षं वाटलं नव्हतं. असो. घर शांत. अभ्यासाला वातावरण उत्तम. म्हणून आज खोली आवरली.

१५ एप्रिल, मंगळवार
दूध उतू गेलं, करपलं, धूर माझ्या खोलीपर्यंत आला. आई बाल्कनीत. बाबा शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले! वास आला नाही म्हणे. मला उठावं लागलं. किडनीतली लय गेली ती गेलीच.

एक बरं आहे, बाबांनी सकाळचं दूध सोडलंय. कसलीशी व्हिटॅमिनची गोळी घेतात, तिच्याबरोबर चालत नाही म्हणे. त्यांचा पेला मला. मेंदूला चांगलं.

२४ एप्रिल, गुरुवार
घरात अभ्यास करणं अशक्य झालंय.

बाबांना म्हातारपणी गाण्याचं खूळ लागलंय. सकाळी बाथरूममध्ये दार लावून ‘आऽऽऽऽ’. दम संपेपर्यंत. मग परत ‘आऽऽऽऽ’. सूर नाही, ताल नाही. माझ्याशी बोलताना आवाज निघत नाही, आणि इथे बघा.

शिवाय माझे हायलायटर पळवतात. जुन्या पेपरांवर ढब्बू अक्षरं गिरवत बसतात, बालवाडीतल्यासारखी. माझं टाइमटेबल मुंग्यांच्या अक्षरात, आणि हे हत्तीएवढं! निळा संपवला. आता हमखास येणारं कशानं रंगवू?

६ मे, मंगळवार
एक महिना उरला. घाबरायचं कारण नाही. हार्ट अर्धं, पोट अर्धं, किडनी पाव. अर्ध्यांची बेरीज केली तर बरंच होतं.

नवं टाइमटेबल मीच केलं. न्यूरो १ जूनला, ताजं राहील.

१४ मे, बुधवार
पॅसेजच्या फरशीवर कुणीतरी आडव्या चिकटपट्ट्या लावल्यात. एक, एक, एक, स्वयंपाकघरापर्यंत. बाबा प्रत्येक पट्टीवर मोठं पाऊल टाकत जातात. धप. धप. धप. तोंडानं मोजत. त्याआधी सपाता घासत चालायचे, फरफर फरफर, तेव्हाही मीच सहन केलं. आईला विचारलं, हा काय पोरखेळ? म्हणाली, टाइल्स सुट्या झाल्यात, म्हणून. एकही टाइल सुटी नाही. मी वाजवून बघितली.

पट्ट्या उपटून टाकल्या. परीक्षेपर्यंत घरात शिस्त पाहिजे.

१५ मे, गुरुवार
बाबा पॅसेजमध्ये पडले.

स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थबकले, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मग एकदम पुढे कलंडले. चष्मा फुटला, कोपर सोललं.

मी लगेच सूत्रं हातात घेतली. पूर्ण तपासणी केली, पद्धतशीर. फ्रॅक्चर नाही. हात वाकवून बघितला तर अडकत अडकत वाकत होता, खटक खटक, जुन्या कुलपासारखा. म्हटलं, बाबा, सैल सोडा. म्हणाले, सोडलाय. स्वभावच ताठ, तर हात कसा सुटणार. ड्रेसिंग मात्र फर्स्ट क्लास झालं.

आईनं चिकटपट्टी आणली. गुडघ्यावर बसून पट्ट्या परत लावत होती. मी म्हटलं, आण, मी लावतो. म्हणाली, तू जा, तुझी किडनी राहिलीय.

मला वाईट वाटलंय. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मन अभ्यासाला मोकळं.

२१ मे, बुधवार
मन मोकळं झालं नाही. बाबांना सॉरी म्हणायला गेलो. शब्द जुळवून गेलो होतो. बाबांनी ऐकून घेतलं, त्याच दगडी चेहऱ्यानं. म्हणाले, असू दे. मला तर ते ‘असू दे’ सुद्धा ऐकू आलं नाही, ओठ हलले त्यावरून समजलो. मी काहीही केलं तरी हा माणूस आता माझ्याकडे बघून हसणार नाही. लहानपणी मी एकदा स्टेथोस्कोप म्हणून चाळणीला दोरी बांधून त्यांच्या छातीला लावली होती, तेव्हा हसून हसून खाली बसले होते. तेच बाबा.

पास व्हायलाच हवं. त्याशिवाय हा चेहरा सुटायचा नाही.

१ जून, रविवार
न्यूरो आज होतं. पण किडनी राहिलीय. न्यूरो ५ ला.

५ जून, गुरुवार
न्यूरो उद्या.

७ जून, शनिवार
डोकं शांत ठेवायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन काही वाचू नये असं सगळेच म्हणतात. न्यूरो नवीनच म्हणायचं, म्हणून वाचलं नाही. टॉपरचा फोन उचलला नाही.

बाबांनी पेन्सिली टोक करून ठेवल्यात. एक टोक करायला किती वेळ लागत होता. मी म्हटलं, द्या, मी करतो. दिल्या नाहीत.

८ जून, रविवार. संध्याकाळ
पेपर झाला.

सुरुवात बरी होती. हार्टचे दोन आले, पहिल्या अर्ध्यातले. मग दुसऱ्या पानावर एक लांबलचक प्रश्न. निवृत्त गृहस्थ, वय सदुसष्ट, पत्नी घेऊन आली आहे. अक्षर बारीक होत गेलं आहे. आवाज खोल गेला आहे. वास येत नाही. पाय घासत चालतात, दारात थबकतात. चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत. हात वाकवताना अडकत वाकतो. स्वस्थ बसलेले असताना उजव्या हाताचा अंगठा बोटावर सारखा फिरत राहतो. निदान काय?

खाली चार पर्याय. हे उत्तर न्यूरो न वाचतासुद्धा येतं. कुठल्याही डॉक्टरला येतं. पार्किन्सन्स. गोल काळा केला.

मग पेन्सिल खाली ठेवली. पैसे मागत नव्हते ते.

पुढचे प्रश्न वाचले. परत वाचले. शब्द कळत होते, प्रश्न कळत नव्हता. शेवटच्या दहा मिनिटांत सगळीकडे ‘ब’ केलं. परिणाम काय व्हायचा तो होईल, मला माहीत आहे.

घरी आलो. बूट न काढता स्वयंपाकघरात गेलो, आईला म्हटलं, आई, बाबांना काहीतरी झालंय, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला हवं. आई भांडं पुसत होती. पुसतच राहिली. म्हणाली, मार्चमध्येच दाखवलं रे. तुझ्या धडधडीला गेला होतात ना, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तेव्हाच चालीवरून ओळखलं. ती गोळी व्हिटॅमिनची नाही. मंगळवारी मावशीकडे नाही जात, व्यायामाच्या बाईंकडे जातो. आऽऽ करणं, मोठी अक्षरं, पट्ट्या, सगळं त्यांनी सांगितलेलं.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मी डॉक्टर आहे या घरात.

आई म्हणाली, त्यांनीच शपथ घातली होती. पहिल्या वेळी बाथरूम होतं, दुसऱ्या वेळी ताप. म्हणाले, या वेळी त्याला माझं कारण मिळायला नको.

वाईट फार वाटतंय, आणि ते कुणावर ढकलताही येत नाही.

बाबा त्यांच्या खोलीत पेपरावर अक्षरं गिरवत होते. शेजारी बसलो. त्यांनी विचारलं, पेपर कसा गेला. म्हटलं, एक प्रश्न नक्की बरोबर आलाय. कुठला, म्हणाले. म्हटलं, तुमचा. त्यांचा हात थांबला, अंगठा फिरायला लागला. या वेळी त्यांनी झाकला नाही. मी तो हात हातात घेतला. हातात असतानाही जरा वेळ फिरत राहिला, मग थांबला.

बराच वेळ माझ्याकडे बघत होते. तोच चेहरा. मी विचारलं, रागावलात? म्हणाले, नाही. हळू होतं, पण आज पहिल्यांदा ऐकू आलं, जवळ बसलो होतो म्हणून. म्हणाले, हसतोय रे मी. केव्हाचा.

परवा मंगळवार. ‘मावशीकडे’ मी नेणार आहे. सकाळी सहाला उठायचंय. आईला सांगून ठेवलंय, नाही उठलो तर तोंडावर पाणी ओत.